स्क्वॉड्रन क्रमांक १, भारतीय हवाई दल ('टायगर्स')

भारतीय हवाई दलाची सर्वांत जुनी लढाऊ तुकडी. तिच्या स्थापनेसाठी दोन तारखा दिल्या जातात. हवाई दल कायद्यान्वये ८ ऑक्टोबर १९३२ रोजी अस्तित्वात आले. मात्र पहिली 'ए' फ्लाइट (स्क्वॉड्रनचा उपविभाग) कराचीजवळ ड्रिग रोड येथे १ एप्रिल १९३३ रोजी उभी राहिली. सहा अधिकारी, १९ हवाई सिपाही आणि चार वापिटी विमाने एवढेच तिचे बळ होते. तुकडीचा आरंभ याच दिवसापासून मोजणे अधिक सयुक्तिक दिसते. पूर्ण स्क्वॉड्रनचे बळ तिसरी फ्लाइट आल्यावर, १९३८ मध्ये लाभले.

आरंभी तिचे काम लढाऊ नसून भूसेनेला साहाय्य करण्याचे होते. १९४१ मध्ये मुंबईच्या युद्धदेणगी निधीतून तिला १२ लायसँडर विमाने मिळाली. टेहळणीसाठी बनवलेल्या या संथ विमानाला बाँब लावून स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून थायलंडमधील जपानी विमानतळावर हल्ला केला. पुढे १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली तुकडीची हरिकेन विमाने इंफाळच्या लढाईत होती.

तुकडीच्या अखंडत्वाविषयी मतभेद आहेत. फाळणीच्या वेळी ती पेशावरला होती व तिची सामग्री पाकिस्तानकडे गेली; क्रमांक भारताकडे राहिला. १९५३ मध्ये १५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला तो देण्यात आला. त्यामुळे काटेकोरपणे पाहता आजची तुकडी जुन्या १५ व्या स्क्वॉड्रनची वारस ठरते. तथापि सैनिकी परंपरेत मान व इतिहास क्रमांकाबरोबर जातात, आणि हवाई दलही तिचा इतिहास १९३३ पासूनच मोजते.

७ सप्टेंबर १९६५ रोजी तुकडीच्या मिस्तेर विमानांनी पाकिस्तानातील सरगोधा हवाई तळावर हल्ला केला. राखीव म्हणून निघालेले स्क्वॉड्रन लीडर ए. बी. देवय्या परतले नाहीत. पाकिस्तानी एफ-१०४ विमानाशी झुंजून त्यांनी ते पाडले, हे भारतीय बाजूस अनेक वर्षे ठाऊकच नव्हते. पाकिस्तानी माहितीवर आधारलेल्या एका ब्रिटिश लेखकाच्या लेखनामुळे ते उजेडात आले. मिस्तेरहून कितीतरी वेगवान विमानाविरुद्धचा हा पराक्रम असामान्यच म्हटला पाहिजे. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

मिस्तेरनंतर मिग-२१ व १९८०च्या दशकाच्या मध्यापासून मिराज-२००० विमाने तुकडीकडे आली. तळ : ग्वाल्हेर.