बलकाचा रंग आणि बलकाचा कस

लक्ष्मीपुरीच्या बाजारात गावठी अंडी घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मावशी, बलक केशरी निघंल न्हवं?" बलक गडद तेवढं अंडं कसदार, असं आपल्याकडं घरोघर धरून चालतात. खायच्या अंड्यापुरतं मी त्यावर वाद घालत नाही. पण तेच अंडं उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवायचं असेल, तर रंग आणि कस वेगळे धरायलाच हवेत.

रंग येतो कॅरोटिनॉइडमुळं, म्हणजे झाडपाल्यातल्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांमुळं. पिवळ्या मक्यातलं, हिरव्या पाल्यातलं, झेंडूच्या पाकळ्यांतलं ल्युटीन हे असंच एक रंगद्रव्य कोंबडीच्या पोटातून बलकात उतरतं. आमच्या तलंगा (नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या) एकदा महिनाभर ज्वारीच्या कण्यांवर होत्या. अंडं ताटलीत फोडलं तर बलक लिंबाच्या सालीइतका फिका. मक्याचा भरडा सुरू केला आणि दहा-बारा दिवसांत तोच बलक हळदीसारखा झाला. बलक भरायलाच आठ-दहा दिवस लागतात, म्हणून फरक लगेच दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

पिल्लाचा खरा राखणदार मात्र व्हिटॅमिन ई. तेही कोंबडीला स्वतः तयार करता येत नाही, तेही चरबीत विरघळतं आणि खाद्यातूनच बलकात जातं. गोंधळ होतो तो यामुळंच. पण ते रंगावरून ओळखता येत नाही. झेंडूचा अर्क घातलेल्या खाद्यानं बलक केशरी होईल, त्यात ई किती आहे हे डोळ्याला कळणार नाही. फिक्या बलकातही ते भरपूर असू शकतं.

त्याची गरज कधी लागते ते बघा. अंडं उबायला २१ दिवस. शेवटच्या आठवड्यात पिल्लू बलकातली चरबी झपाट्यानं ओढून घेतं आणि तिच्याबरोबर आलेलं ई यकृतात साठवतं. विसाव्या दिवसाच्या सुमारास ते आतली पातळ त्वचा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं. ऑक्सिजन एकदम वाढतो. पिल्लाच्या अंगातली, विशेषतः मेंदूतली चरबी फार नाजूक असते; उघड्या डब्यातले शेंगदाणे खवट होतात तशीच ती बिघडते. एका कणापासून दुसऱ्या कणाला लागत जाणारा हा बिघाड ई मधेच तोडतं. मेंदूत त्याचा साठा मुळातच कमी असतो, म्हणून आईच्या खाद्यात हात आखडता घेतला तर त्याची किंमत पिल्लू मोजतं. ईची फारच कमतरता राहिली, तर दोन-तीन आठवड्यांची पिल्लं मान मागं टाकून कोलमडताना दिसतात. ते पाहवत नाही.

कॅरोटिनॉइड निरुपयोगी आहेत असं नाही. तेही यकृतात साठतात, पिल्लाच्या पायांना पिवळेपणा देतात आणि थोडा हातभार लावतात. सेलेनियम हे खनिज तिसरं. त्यावर चालणारं एन्झाइम ईच्या जोडीनं काम करतं. व्हिटॅमिन सी मात्र अंड्यात नसतंच, वाढणारा गर्भ ते स्वतः बनवतो.

म्हणूनच ब्रीडर, म्हणजे उबवायची अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य आणि खायच्या अंड्यांच्या कोंबडीचं खाद्य वेगळं असतं. ब्रीडरच्या खाद्यात ई बरंच जास्त घालतात. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यानं एवढं करावं: अंडी रवणीला (उबवायला) ठेवायच्या तीन आठवडे आधीपासून कोंबडीला रोज ताजी लसूणघास किंवा कोवळा पाला द्यावा. पाल्यात ल्युटीन आणि ई दोन्ही असतात. खवट वास येणारी शेंगदाणा पेंड मात्र अजिबात घालू नये, कारण चरबी खवट होताना आधी ई खाऊन टाकते. आणि "ताकदीसाठी" म्हणून व्हिटॅमिन 'ए'चं औषध मापाबाहेर पाण्यात ओतू नये. ए फार झालं की ई आणि कॅरोटिनॉइड दोन्ही पिल्लापर्यंत कमी पोचतात.