वयाने झिजलेले स्नायू आणि आजाराने झिजवलेले स्नायू

घरातले वयस्कर माणूस रोडावू लागले की बहुधा एकच निष्कर्ष निघतो: वय झाले, आता अंगावरचे मांस उतरायचेच. या एका वाक्याखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. वयोमानानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात, तर कर्करोग, हृदयाची निकामी होत चाललेली क्षमता, फुप्फुसांचा जुनाट विकार किंवा क्षयरोग अशा आजारांपोटी होणाऱ्या झिजेला कॅशेक्सिया म्हणतात. दोन्हींत दंड आणि पोटऱ्या बारीक होतात, जिना नकोसा वाटतो आणि पिशवी उचलताना हात थरथरतो. फरक आहे तो झिजेच्या कारणात आणि वेगात, आणि म्हणूनच उपायातही.

सार्कोपेनिया हे नाव अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवले. तेव्हा भर होता तो स्नायूंच्या घटत्या वस्तुमानावर. पुढे असे दिसून आले की ताकद ही वस्तुमानापेक्षा लवकर आणि जास्त वेगाने कमी होते, आणि म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तज्ज्ञगटाच्या सुधारित व्याख्येत ताकदीला पहिले स्थान मिळाले. यामागची कारणे शरीरात हळूहळू साचत जातात. स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या मज्जापेशी कमी होतात, झटकन जोर लावणारे तंतू आधी आक्रसतात, आणि तेवढेच प्रथिन खाऊनही म्हाताऱ्या स्नायूत तरुणाइतकी नवी बांधणी होत नाही. बैठी दिनचर्या किंवा आजारपणातली सक्तीची विश्रांती या उताराला आणखी वेग देते.

या झिजेची सर्वांत फसवी बाजू म्हणजे वजनकाट्यावर ती दिसेलच असे नाही. स्नायू घटतात, त्यांची जागा चरबी घेते आणि आकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो. वजन शरीराच्या घडणीबद्दल किती कमी सांगते, याचा एक बोलका दाखला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणून सार्कोपेनियाचा संशय आला तर काट्यापेक्षा ताकद मोजणे अधिक उपयोगाचे ठरते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरली, तर ताकद घटली असे धरतात. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर तीही धोक्याची खूण मानली जाते. ही दुसरी चाचणी घरच्या घरी करता येते. मात्र खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि कोणीतरी शेजारी उभे असावे.

कॅशेक्सियात मात्र काटा बोलतो. २०११ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार कर्करोगाच्या रुग्णाचे वजन प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर कॅशेक्सिया समजावा. मुळातच किरकोळ असलेल्यांसाठी, म्हणजे बीएमआय २० पेक्षा कमी असलेल्यांसाठी, ही मर्यादा दोन टक्के आहे. साठ किलोच्या माणसाचे तीन किलोहून जास्त वजन गेले, एवढाच पाच टक्क्यांचा हिशेब. इथे स्नायू नुसते सुस्तावत नाहीत, ते मोडून काढले जातात. आजारामुळे पेटलेल्या दाहातून सुटणारी रसायने स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढवतात, अनेकदा विश्रांतीतही शरीर नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळते, आणि त्याच वेळी भूक मरते.

ही भूक मरणे म्हणजे हट्ट नव्हे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ताणाखाली असलेल्या पेशी जीडीएफ-१५ नावाचे प्रथिन रक्तात सोडतात. मेंदूच्या मागच्या भागात त्याचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे त्याचा संदेश टिपणारा रेणू, असतो, जो २०१७ साली ओळखला गेला, आणि तो जागा झाला की अन्नाची वासना जाते, मळमळते. अशा रुग्णाच्या ताटाशी बसून “दोन घास तरी खा” असा आग्रह धरणारी माणसे मायेनेच तसे करतात, पण त्यातून जेवणाची वेळ दोघांनाही नकोशी होते. खाल्लेले अंगी लागत नाही ही तक्रारही खरीच असते, कारण केवळ आहार वाढवून कॅशेक्सिया पूर्णपणे परतवता येत नाही, हे त्या व्याख्येतच नमूद आहे.

सार्कोपेनियाची गोष्ट याउलट आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका छोट्या अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांनी आठ आठवडे वजने लावून पायांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सोबत दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन मिळावे, असा वृद्धांसाठी सर्वसाधारण सल्ला आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. कॅशेक्सियात आहार आणि हलका व्यायाम आधार देतात, पण खरा मोर्चा मूळ आजाराकडेच वळवावा लागतो. जीडीएफ-१५ ला अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. कर्करोगाच्या १८७ रुग्णांमध्ये सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांनंतर, औषधाविना असलेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे २.८ किलोंनी जास्त होते. ही दुसऱ्या टप्प्यातली चाचणी होती.

दोन्ही झिजा एकाच शरीरात एकत्रही असू शकतात आणि त्या वेगळ्या काढणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्याकडे जाताना गेल्या सहा महिन्यांतील वजनाचे आकडे तारखांसह लिहून न्यावेत, आणि भूक कधीपासून कमी झाली तेही टिपावे. आकडे नसतील, तर पट्ट्याला किती नवी भोके पाडावी लागली किंवा ब्लाउज किती आत घ्यावे लागले, एवढे सांगितले तरी चालते.