तान्ह्या पोळ्याचा बैल, घाण्याचा बैल

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक पाहिली आणि तिथूनच नागपूरच्या महाल भागात ताईकडे गेलो. भाची ओसरीवर लाकडी बैलाच्या शिंगांना बेगड चिकटवत होती. भाचा अकरावीत आहे. त्यानं बनवलेली वेबसाइट मला दाखवली. पडद्यावर पोह्यांची प्लेट. बोट लावलं की वरून तर्री पडते, पुन्हा लावलं की पुन्हा पडते. प्लेट कधी भरत नाही, तर्री कधी संपत नाही, खाली फक्त आकडा वाढत जातो. बस, एवढंच.

भाऊजींनी विचारलं, "हे काहून बनवलं बे? काय भेटते यानं?" भाच्याजवळ उत्तर नव्हतं. मग भाऊजींनी स्वतःच्या फोनवर एक साइट काढली. तिथं नाव टाकलं की मागच्या जन्मी तुम्ही कोण होता ते कळतं म्हणे. ते म्हणाले, "हा पण टाइमपास, तो पण टाइमपास. एकच त झालं."

वरून पाहिलं तर एकच वाटतं हे खरं आहे. दोन्हींतून ज्ञान मिळत नाही, काम होत नाही, वेळ मात्र जातो. पण माझ्या मते या दोन वस्तू एकमेकींच्या अगदी उलट आहेत. असा घोटाळा झाला की पोरांच्या हातातली चांगली गोष्ट सुटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊजींची साइट आधी घेऊ, तिचं गणित सोपं आहे. नाव टाका, 'पुढे' दाबा, जन्मतारीख टाका, पुन्हा 'पुढे'. प्रत्येक पानावर चार जाहिराती. जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं. उत्तर आधीच लिहून ठेवलेल्या दहा-वीस उत्तरांपैकी एक. अशा साइटचा मालक उत्तर विकत नसतो, उत्तरापर्यंतची वाट विकत असतो. गूगलनं 2003 साली ॲडसेन्स सुरू केलं. लहानातल्या लहान साइटवाल्यालाही आपल्या पानावर जाहिरातीचा कोड टाकून कमाईतला वाटा मिळू लागला. ती सोय चांगलीच होती, कितीतरी चांगल्या लेखकांना तिचा आधार झाला. पण तिच्यामुळे पान म्हणजे नुसतं निमित्त असलं तरी चालू लागलं. पुढे 2011 मध्ये गूगलनं 'पांडा' नावाचा बदल करून असली पोकळ पानं शोधात खाली ढकलली. ती कमी दिसू लागली, संपली नाहीत. इथं पाहुणा डोळ्यांवर झापड बांधलेल्या घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहतो आणि तेल दुसऱ्याच्या भांड्यात पडतं.

आता भाच्याची तर्री. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? तो म्हणाला, "मामा, तवंगात." तेलाचा लाल तवंग पोह्यांवर कसा पसरतो, कडेला कसा थबकतो, ते हुबेहूब यावं म्हणून पोरानं तीन संध्याकाळी घातल्या होत्या. कुणी मागितलं नव्हतं, कुणी तपासणार नव्हतं. हौसेची साइट ओळखायची खूण माझ्या लेखी हीच: जिथं कुणी पाहणार नाही तिथंही हात फिरलेला असतो.

या हौसेला मोठी परंपरा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाची खोली होती. तिच्याजवळ ठेवलेल्या कॉफीच्या भांड्यावर 1991 मध्ये तिथल्या संशोधकांनी कॅमेरा लावला. लांबच्या खोलीतून चालत यावं आणि भांडं रिकामं निघावं, हा त्रास वाचवायचा होता. 1993 मध्ये ते चित्र वेबवर गेलं. प्रयोगशाळेतल्या मूठभर लोकांना त्याचा उपयोग होता, जगातल्या बाकी कुणालाही नव्हता. तरी लाखो लोक ते करडं, इवलंसं चित्र पाहून गेले. 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला आणि ते बिघडलेलं भांडं लिलावात 3,350 पौंडांना गेलं.

मला सगळ्यात आवडतं ते 2024 मधलं उदाहरण. नोलेन रॉयल्टी नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरनं एक पान बनवलं. पानावर दहा लाख रिकाम्या चौकटी. तुम्ही एकीवर खूण केली की ती जगभर सगळ्यांच्या पडद्यावर उमटते, दुसऱ्यानं पुसली की सगळीकडे पुसते. दुसरं काही नाही. बघता बघता लाखो लोक आले. मग त्याला आकड्यांमध्ये काहीतरी विचित्र दिसलं आणि साइट कुणी फोडली की काय, अशी त्याला धास्ती वाटली. निघालं वेगळंच. काही पोरांनी ओळखलं होतं की खूण म्हणजे एक आणि रिकामी चौकट म्हणजे शून्य, म्हणजे आठ चौकटींत एक इंग्रजी अक्षर मावतं. त्या हिशेबानं ती चौकटींमध्ये निरोप लिहीत होती, चित्रं काढत होती. कुणी न शिकवता ही पोरं संगणकाच्या मुळाक्षरांपर्यंत पोचली होती. साधारण दोन आठवड्यांनी त्यानं पान बंद केलं.

लोक हे का करतात, याचं उत्तर मला यातच दिसतं. नोकरीतलं काम दहा जणांच्या संमतीनं चालतं, महिनोन् महिने अर्धवट राहतं. असलं पान एकट्यानं सुरू करता येतं आणि शनिवारी-रविवारी संपवताही येतं. परवानगी कुणाची लागत नाही. गिटहब किंवा निओसिटीज यांसारख्या साइटवर आपलं पान ठेवायला जागा फुकट मिळते. साइटला स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) हवा असेल तर वर्षाला हजाराच्या आसपास खर्च. चुकलं तर कुणाचं नुकसान नाही, म्हणून चुकण्याची भीती नाही, आणि शिकणं होतं ते त्या निर्भयपणातच. शिवाय आपण केलेली वस्तू पाहून दुसरा हसला, याचं सुख पगारात मोजता येत नाही.

भाऊजींचा पुढचा प्रश्न होता, मग पैसे घेतले की हौस बुडाली का? नाही. 2005 मध्ये ॲलेक्स ट्यू या 21 वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला कॉलेजच्या खर्चाची चिंता होती. त्यानं जाहिरातींसाठी दहा लाख बिंदूंचं (पिक्सेलचं) एक पान मांडलं, भाव एका बिंदूला एक डॉलर. सगळे विकले गेले. शेवटचे हजार बिंदू लिलावात गेल्यानं एकूण 10,37,100 डॉलर जमले. पान जाहिरातींनी गच्च भरलेलं, तरी मी ते हौसेकडेच धरतो. काय विकतोय आणि कशासाठी, हे त्यानं दारावरच लिहिलं होतं, आणि पाहणाऱ्याला कुठं अडकवलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, लोक हातावर बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्यानं बैल घाण्याला जुंपला असं होत नाही.

पान हौसेचं की घाण्याचं, अशी शंका आली तर संगणकावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा मूळ कोड उघडावा. भाच्याचा कोड दीड-दोनशे ओळींचा निघाला, मध्येच त्यानं मराठीत लिहिलेलं, 'इथं तेल थांबते'. भाऊजींच्या साइटचा कोड सरकता सरकत नव्हता. त्यात पाहुण्याच्या मागावर राहणाऱ्या, जाहिराती ओढून आणणाऱ्या स्क्रिप्टांची रांग होती. दुसरी परीक्षा निघतानाची. हौसेचं पान एका झटक्यात बंद होतं. दुसरं जाता जाता विचारतं, सूचना पाठवू का?

हे सगळं मी सांगत होतो, तोवर भाऊजींनी भाच्याचा फोन हातात घेतला होता आणि अंगठा चालू होता. आकडा तीनशेच्या वर गेल्यावर त्यांनी मान वर केली.

"याच्यात चने कुठे आहेत? तर्री चन्याबिगर नसते ना बे."

भाचा लॅपटॉप आणायला आत पळाला.