दस्तऐवज-कक्ष, व्यापारी मिळकतींचा

दस्तऐवज-कक्ष, व्यापारी मिळकतींचा : दुकाने, कार्यालये, गोदामे, कारखान्यांच्या शेड अशा मिळकतींच्या विक्रीत किंवा भाडेव्यवहारात लागणारी कागदपत्रे ठरावीक माणसांना, ठरावीक मुदतीपुरती आणि ठरावीक मर्यादेत दाखवण्याची सॉफ्टवेअरमधली सोय. संगणकाच्या आधी मोठ्या व्यवहारांत यासाठी एक खोलीच राखून ठेवत. खरेदीदाराची माणसे तिथे बसून कागद वाचत, टिपणे काढत आणि कागद तिथेच ठेवून उठत. उठताना हात रिकामे असत, यातच त्या खोलीची सारी सुरक्षा होती. आजच्या कक्षाची पारखही याच प्रश्नावर व्हायला हवी : दिलेला कागद परत घेता येतो का?

सोलापुरात मिळकतीचे कागद सर्रास व्हॉट्सॲपवर फिरतात. मालकाने पाठवलेला भाडेकरार दलाल तीन गिऱ्हाइकांना पुढे पाठवतो, बोलणी फिसकटतात, आणि करार तीन परक्या फोनांत कायमचा राहून जातो; त्यावरच्या आधार क्रमांकासह, सह्यांसह, डिपॉझिटच्या आकड्यासह. कक्षाला खरी स्पर्धा आहे ती या सवयीशी. उघडायला व्हॉट्सॲपपेक्षा फार जड असलेला कक्ष कोणी वापरणार नाही, म्हणून मोबाईल क्रमांक आणि ओटीपी एवढ्यावर वाचकाला आत येता आले पाहिजे.

शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मालकीच्या कागदांची जातच बदलते. नवी पेठ किंवा चाटी गल्लीतल्या जुन्या दुकानाची मालकी मिळकत पत्रिकेवरून पाहतात. पत्रिकेवर अनेकदा आजोबांचेच नाव असते, वारस नोंद अर्धवट असते, आणि वारसांपैकी कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत. आत पिढ्यान्‌पिढ्या बसलेला पगडीचा भाडेकरू. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे संरक्षण. होटगी रोड किंवा जुळे सोलापूरकडे जमीन मूळची शेतीची, म्हणून सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन ही साखळी जुळवावी लागते. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत तर ‘मालक’ हा शब्दच चुकतो. तिथला भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, कारखानदाराकडे 95 वर्षांचा भाडेपट्टा. चादरी-टॉवेलच्या शेडचे हस्तांतर करायचे वा ती पोटभाड्याने द्यायची तर महामंडळाची परवानगी आधी लागते.

एकच ठरीव कागदयादी या तिन्ही ठिकाणी चालत नाही. बदलता येण्याजोगी रचना लागते ती इथे : मिळकतीच्या प्रकारानुसार कप्पे, कोणता कागद सक्तीचा, कोणाची मुदत संपते, कोणत्या भूमिकेला काय नाव. मालक, वारस, कुलमुखत्यार, भाडेकरू, दलाल, वकील, बँक, मूल्यांकक या भूमिका मिळकतींचे व्यवहार करणारी प्रत्येक पेढी आपल्या रिवाजाप्रमाणे मांडते आणि तिला तशी मुभा असावी. जुन्या खरेदीखतांत मोडी लिपी भेटते, तेलुगू आणि कन्नड नावे एका कागदावर एका तऱ्हेने तर दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली असतात. म्हणून कागदाला माणसाने लावलेली खूण यांत्रिक शोधापेक्षा जास्त कामाची ठरते.

सुरक्षेचे नियम मात्र पेढीच्या हाती मोकळे सोडू नयेत. ‘सर्वांना दिसेल’ असे बटण ठेवले की घाईत कोणीतरी ते दाबतेच. संगणकशास्त्रज्ञ सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 मध्ये मांडलेली तत्त्वे इथे तंतोतंत लागू पडतात : परवानगी दिली नसेल तर दार बंदच, आणि प्रत्येकाला कामापुरताच अधिकार. परवानगीला शेवटची तारीख असलीच पाहिजे, व्यवहार मोडला की ती आपोआप रद्द झाली पाहिजे. परवानगी माणसापेक्षा व्यवहाराच्या टप्प्याला बांधणे बरे. प्राथमिक पाहणीत दलालाला नकाशा आणि क्षेत्रफळ पुरते, बयाणा झाल्यावर वकिलाला मालकीची साखळी लागते, कर्जाच्या टप्प्यावर बँकेला भाडेयादी, म्हणजे कोणता गाळा कोणाकडे आणि किती भाड्याने.

सर्वांत नाजूक कागद ही भाडेयादीच. एकाच इमारतीत शेजारच्या गाळ्याचे भाडे किती, हे भाडेकरूला कळले की पुढच्या नूतनीकरणाची बोलणी तिथेच बिघडतात. म्हणून अखंड कागद दाखवा किंवा लपवा एवढाच पर्याय अपुरा पडतो. त्याच यादीतल्या एकेका रकान्यावर वेगळी परवानगी लागते. आकड्यावर काळी पट्टी नुसती रंगवून भागत नाही, कारण खालचा मजकूर निवडून बाहेर काढता येतो. तो फाईलमधूनच काढावा लागतो.

कागद फुटतात ते बहुधा आडवाटेने. कुलूप मजबूत असते, पण शोधाच्या निकालात ‘बँकेची जप्ती नोटीस’ असे नाव दिसते. उघडता आले नाही तरी बातमी गेलीच. छोटी पूर्वचित्रे, ईमेलने जाणाऱ्या सूचना, एकत्र उतरवलेल्या फाईलींचा गठ्ठा यांनाही तीच परवानगी तपासणी लागते. दुव्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याचा कागद उघडण्याची चूक इतकी सर्वत्र आढळते की वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत ‘तुटके प्रवेश-नियंत्रण’ (कोणाला काय उघडता येते यावरचा ढिला ताबा) हा धोका पहिल्या क्रमांकावर होता. तपासणी प्रत्येक विनंतीला, सर्व्हरवर व्हावी. साठवलेल्या कागदाला एईएस आणि वाटेतल्या कागदाला टीएलएस हे कूटबद्धीकरण (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे रूप देणे) आता गृहीतच धरतात. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडे.

पाहणाऱ्याचे नाव आणि वेळ पानावर पुसट उमटवण्याची पद्धत उपयोगी आहे. पडद्याचा फोटो तिने थांबत नाही, पण कोणाच्या हातून कागद गेला ते कळते. इथे मराठी मुलखातला एक खास पेच आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर असे नाव उमटवले की फाईल बदलते आणि स्वाक्षरीची पडताळणी फसते. मूळ फाईल एक बाइटही न बदलता बाजूला ठेवावी, दाखवायची प्रत वेगळी तयार करावी, आणि बँकेसारख्या वाचकाला मूळ फाईल मिळण्याची स्वतंत्र परवानगी असावी. हा तपशील आराखड्यात सहज सुटतो आणि नेमका कर्जमंजुरीच्या दिवशी आठवतो.

कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंदवही पुसता न येणारी असावी. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) गुंफला की मधले पान गुपचूप बदलता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य द्यावे लागते. कागद चढवतानाच ते काढून ठेवलेले असेल तर वकिलाचे काम हलके होते. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियमही 2023 चाच. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकणे ही त्या दिशेने अगदी पहिली पायरी.

हक्क काढून घेण्याचे काम मालकाच्या पहिल्या पडद्यावर हवे : आज माझे कागद कोणाकोणाला दिसतात, ही यादी, आणि प्रत्येक नावापुढे ‘बंद करा’. मालक म्हणजे पुष्कळदा चादरीच्या दुकानात गल्ल्यावर बसलेले सत्तरीतले काका असतात. त्यांना पुण्यातल्या मुलाला फोनवर विचारावे न लागता ते बटण दाबता आले पाहिजे, आणि दाबल्याक्षणी समोरच्याच्या फोनवर उघडलेले पानही मिटले पाहिजे.