जुन्या ट्रकचे स्टड आखूड का पडतात

जुन्या ट्रकची लोखंडी चाकं काढून ॲल्युमिनियमची बसवायला घेतली की पहिली अडचण बहुधा स्टडच्या, म्हणजे नट बसतो त्या आट्यांच्या दांड्याच्या, लांबीची येते. चाक हबवर, म्हणजे आसाच्या टोकावरच्या फिरत्या भागावर, नीट बसतं, पण नटाला धरायला आटे उरत नाहीत. स्टडमध्ये खोट नसते. तो ज्या काळात बसवला गेला त्या काळच्या चाकाच्या जाडीवर त्याची लांबी ठरलेली असते.

लोखंडी चाकाची डिस्क, म्हणजे हबला टेकणारा भाग, साधारण 10 ते 12 मि.मी. जाड. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून तेच वजन पेलायला डिस्क 22 मि.मी. किंवा त्याहून जाड करावी लागते. पुढच्या एकेरी चाकावर स्टडचे 10-12 मि.मी. जास्त खर्च होतात, मागच्या जोडचाकांवर 20 मि.मी.हून अधिक. एवढी शिल्लक जुन्या स्टडवर नसते.

ॲल्युमिनियमचं ओतीव चाक 1924 मध्ये बुगाटीच्या टाइप 35 या शर्यतीच्या मोटारीवर आलं. ट्रकसाठी मात्र ओतीवापेक्षा घडीव चाक हवं होतं. ते अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीनं 1948 मध्ये आणलं. उत्तर अमेरिकेत तेव्हा चाक स्टड-नटाच्या गोलाकार बैठकीवर केंद्रित करण्याची पद्धत होती, जिला अजूनही बड पद्धत म्हणतात. 11.25 इंच व्यासाच्या वर्तुळावर 10 स्टड. जोडचाकांत आतलं चाक एका टोपीनटानं आवळायचं. त्या नटाच्या आतले आटे बहुधा पाऊण इंची, इंचाला 16, आणि बाहेरूनही त्याला 1⅛ इंची आटे. बाहेरचं चाक त्यावर चढवून दुसऱ्या नटानं धरायचं. डाव्या बाजूचे आटे डावे, उजव्या बाजूचे उजवे.

या रचनेत बाहेरचं एकच चाक ॲल्युमिनियमचं केलं तर हबचे स्टड तसेच चालत. जास्तीची जाडी लांब आटे असलेला वेगळा आतला नट भरून काढी. आतलंही चाक ॲल्युमिनियमचं केलं की स्टडच लांब हवा. जुन्या ट्रकवर आत लोखंड आणि बाहेर चकाकतं ॲल्युमिनियम दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे. पद्धतीची खरी कमजोरी वेगळीच होती: बाहेरचा नट सैल केल्याशिवाय आतला आवळता येत नाही. ज्यानं फक्त बाहेरचा नट तपासला, त्याला आतलं चाक हलतंय हे कळायचंच नाही.

1980च्या दशकात हबवर केंद्रित होणारी पद्धत उत्तर अमेरिकेत पसरली. स्टड एम22, म्हणजे 22 मि.मी. व्यासाचे, दोन आट्यांतलं अंतर (पिच) 1.5 मि.मी., सगळे उजव्या आट्यांचे. चाक हबच्या टप्प्यांवर, म्हणजे मधल्या उंचवट्यांवर, केंद्रित होतं आणि सपाट बुडाचा, वॉशर जोडलेला एकच नट दोन्ही चाकं आवळतो. इथं एक सापळा आहे. स्टडचं वर्तुळ तेच, 285.75 मि.मी., म्हणून एका पद्धतीचं चाक दुसऱ्याच्या हबवर चढतं. चढतं म्हणून ते बसवू नये. सपाट छिद्रावर गोल नट कडेलाच टेकतो, आणि गोल बैठकीवर सपाट नटाला पुरेशी जागा मिळत नाही. दोन्हीकडे आवळ टिकत नाही.

नव्या पद्धतीत आतल्या नटाचा आधार राहिला नाही, म्हणून आखूड स्टडला बाहीचा नट हा उपाय निघाला. त्याची बाही चाकाच्या छिद्रात शिरते आणि आटे डिस्कच्या आतच पकड घेतात. त्यासाठी छिद्र 32 मि.मी.चं लागतं, नेहमीचं 26 मि.मी. असतं. 26चं छिद्र ड्रिलनं 32 करू नका. तिथली कड हीच चाकावरच्या सर्वाधिक ताणाची जागा, आणि तडा तिथूनच सुरू होतो.

मोजणी चाक टेकतं त्या पृष्ठभागापासून करा. ब्रेकचा ड्रम हबच्या बाहेरून बसत असेल तर ड्रमच्या तोंडापासून. दोन डिस्क 44 आणि नट साधारण 27, म्हणजे 71 मि.मी.; स्टडचं टोक नटाच्या तोंडाशी किमान समपातळीत, शक्यतो थोडं बाहेर यायला हवं. हलक्या पिकअप ट्रकवर नियम वेगळ्या शब्दांत सांगतात: स्टडच्या व्यासाइतकी पकड. अर्धा इंची, 20 आट्यांच्या स्टडवर नट किमान 10 फेरे फिरला पाहिजे. सहा-सात फेऱ्यांत घट्ट झाला तर आटे मरतात, तेही बहुधा चालत्या गाडीत.

स्टड बदलताना नुसती लांबी जुळवून भागत नाही. मानेवरच्या दात्यांचा व्यास हबच्या छिद्राशी जुळला पाहिजे, आणि स्टड प्रेसनं बसवायला हवा. नट-वॉशर लावून हवेच्या पान्यानं ओढला की तो तिथंच ताणला जातो. काही जुन्या हलक्या गाड्यांत स्टडची मान ड्रमवर फुगवून दाबलेली असते. ती कड आधी कटरनं कापावी. नुसतं हातोड्यानं ठोकलं तर हबचं छिद्र मोठं होतं आणि नवा स्टड त्यात फिरत राहतो.

टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा पीळ, दोन्ही पद्धतींत सारखाच, 450 ते 500 फूट-पौंड, म्हणजे 610 ते 680 न्यूटन-मीटर. एम22 च्या आट्यांना आणि नट-वॉशरमध्ये दोन थेंब तेल. गोल बैठकीचे नट मात्र कोरडे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 1992 मध्ये ट्रकची चाकं निखळण्याचा अभ्यास केला, तेव्हा चुकीचं आवळणं आणि बेअरिंग निकामी होणं ही मुख्य कारणं निघाली. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं 1997 मध्ये चाक निखळल्याची जबाबदारी थेट गाडी चालवणाऱ्या व्यवसायावर टाकली. नवं चाक बसवल्यावर 80 ते 160 कि.मी. धावून पुन्हा टॉर्क तपासावा, कारण डिस्कमधला रंग आणि गंज दबून आवळ कमी होतो. म्हणून चाक चढवण्याआधीच ड्रमचं तोंड तारेच्या ब्रशनं धातूपर्यंत साफ करा. हबच्या टप्प्यांना ग्रीसचा पातळ हात द्या, पण तो दोन चाकांच्या टेकणाऱ्या तोंडांवर येऊ देऊ नका.