प्रोजेक्ट उघडेना: एका ‘ऱ्या’ची गोष्ट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या आतेभावाची यंत्रमागाची शेड आहे. चादरी विणतात. त्याची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत तिने बापासाठी पाळीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. दिवसपाळीचा एक प्रोजेक्ट, रात्रपाळीचा दुसरा. (दोन कशाला, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षाची मुलं असंच लिहितात.) हिशेब बघणाऱ्या काकांना सापडावेत म्हणून फोल्डरना नावंही मराठीच दिली: ‘पहिल्या पाळीचा हिशेब’ आणि ‘दुसऱ्या पाळीचा हिशेब’.

लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. शेडमधल्या कॉम्प्युटरवर नेल्यावर व्हिज्युअल स्टुडिओत, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, पहिला प्रोजेक्ट उघडला आणि दुसऱ्याचं नाव फिकट होऊन बसलं. संदेश असा, की प्रोजेक्टची फाइल हलवली असेल, तिचं नाव बदललं असेल किंवा ती या कॉम्प्युटरवर नसेल. फोल्डर तर समोर दिसत होता. आत फाइलही होती.

अशा वेळी पहिला धसका बसतो तो ‘कोड गेला’ असा. बहुतेक वेळा कोडला काहीही झालेलं नसतं. प्रोजेक्ट उघडणं म्हणजे एडिटरने एक यादी वाचणं. व्हिज्युअल स्टुडिओत या यादीला सोल्यूशन फाइल म्हणतात. कोणता प्रोजेक्ट कोणत्या फोल्डरमध्ये आहे, एवढंच तीत मुख्यतः लिहिलेलं असतं आणि ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते. मग प्रत्येक प्रोजेक्टची स्वतःची यादी असते: कोणती साधनं लागतील, कोणत्या आवृत्तीची. यादी आणि वस्तुस्थिती जुळली नाही, की एडिटर हात वर करतो.

सोलापूरकरांना हे शेडमध्येच बघता येतं. चादरीवरचा मोर उमटतो तो जकार्डमुळे. जोसेफ मारी जकार यांनी १८०४ मध्ये फ्रान्समध्ये आणलेलं हे यंत्र भोकं पाडलेल्या कार्डांची माळ वाचतं. जिथे भोक, तिथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. कार्ड मागेपुढे ओवलं गेलं तर मोराची चोच मानेत येते. माग धडधाकट, सूत उत्तम, तरी नक्षी वाकडी. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या अॅनालिटिकल इंजिनसाठी हीच कार्डांची कल्पना उचलली होती. भोक आहे की नाही, एवढंच यंत्राला कळतं. मोर त्याने कधी पाहिलेला नसतो.

पोरीने आधी नेहमीचे संशयित तपासले. साधनसंचाची आवृत्ती वेगळी असेल? मग पहिला प्रोजेक्टही अडला असता. दोघांना एकच आवृत्ती लागते. एडिटरने स्वतःच्या आठवणी साठवलेला लपलेला फोल्डर बिघडला असेल? तो काढून टाकला, एडिटरने नवा बनवला, फरक शून्य. फाइलचा पत्ता, म्हणजे फोल्डरांच्या नावांची साखळी, फार लांब झाला असेल? विंडोजमध्ये जुनी मर्यादा २६० अक्षरांची आणि अजूनही काही साधनं तिथे अडखळतात. इथे साठसुद्धा भरत नव्हती. एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेली सोय, आडवं येत असेल, तर व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये त्यासाठी छान सोय आहे. अर्धी एक्स्टेन्शन्स बंद करायची, दोष राहिला का बघायचं, मग उरलेल्यांतली अर्धी. ३२ असली तरी ५ फेऱ्यांत चोर सापडतो. पण शेजारचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर, त्याच एडिटरमध्ये उघडत असताना मशीनवर किंवा एडिटरवर आळ घेण्यात अर्थ नव्हता. फरक दोघांमध्येच कुठेतरी होता.

तिने सोल्यूशन फाइल नोटपॅडमध्ये उघडली, त्यातला पत्ता कॉपी केला आणि फोल्डरच्या खिडकीत वरच्या पट्टीत टाकला. विंडोज म्हणालं, असं काही नाही. मग फोल्डरचं नाव कॉपी करून यादीतल्या नावाखाली ठेवलं. दोन्ही ओळी हुबेहूब. आतेभाऊ म्हणाला, ‘अगं, एकच आहे की!’ तिने दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून दोन्हीकडच्या ‘दुसऱ्या’ची लांबी मोजली. एक ७ निघाला, एक ८.

इथे मराठीची एक खोड कामाला येते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो डोळ्याच्या पापणीसारखा आडवा र. कॉम्प्युटर अक्षराचा आकार साठवत नाही, युनिकोड या अक्षरांच्या क्रमवार यादीतला क्रमांक साठवतो आणि हा आडवा र क्रमांकांत एकाहून जास्त रीतींनी लिहिता येतो. एक रीत ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडायची. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह. ते पडद्यावर जागा घेत नाही, पण क्रमांकांत हजर असतं. पहिल्या रीतीने ‘दुसऱ्या’ची सात चिन्हं: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. दुसऱ्या रीतीने ‘दुसर्‍या’ची आठ. यूटीएफ-८ या क्रमांक साठवण्याच्या पद्धतीत यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एक शब्द २१ बाइटचा आणि त्याचा जुळा भाऊ २४ बाइटचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे, काही फोनेटिक कीबोर्ड जोडचिन्हाची वाट धरतात. आपल्याला कोणती मिळाली हे टंकणाऱ्याला दिसतच नाही. वेगवेगळ्या रूपांत लिहिलेला मजकूर एकसारखा करून घेण्याची युनिकोडची प्रमाण पद्धतही या दोघांना एक करत नाही.

पण नाव बदललं कोणी? काकांनी. पेन ड्राइव्हवरची झिप फाइल एका जुन्या साधनाने उघडली, तेव्हा मराठी नावांचे चौकोन-प्रश्नचिन्हं झाली होती. काकांनी ती आपल्या कीबोर्डवर नीट टंकून दिली, अगदी शुद्धलेखनासकट. ‘पहिल्या’त आडवा र नसल्यामुळे तो फोल्डर निभावला.

पोरीने यादीतलं नाव फोल्डरच्या नावावर डकवलं, प्रोजेक्ट पुन्हा लोड केला आणि फिकट नाव काळं झालं. फोल्डरची नावं मराठी ठेवावीत की रोमन, यावर बापलेकीचं एकमत झालेलं नाही. माझं मत मराठीच्या बाजूने आहे, फक्त नाव दोनदा टंकू नये, कॉपी करावं.

संध्याकाळी काकांनी मालाचा साठा उघडला. यादीत ‘कोऱ्या चादरी’ दोन वेगवेगळ्या ओळींत होत्या, एकीपुढे ४०, दुसरीपुढे १२.

‘लांबी मोज,’ आतेभाऊ म्हणाला.