नगर हवेली म्हणजे दमण नव्हे

दर 2 ऑगस्टला बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरतो: 'गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारतीय लष्कराने पोर्तुगिजांकडून मुक्त केली.' 19 डिसेंबरला पुन्हा तेच, फक्त फोटो वेगळा. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येसुद्धा हे वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं मी पाहिलं आहे, आणि ते वाचून माझा जीव तळमळतो. कारण नगर हवेली लष्कराने घेतलीच नाही. ती दमणच्या सात वर्षं आधी सुटली, ती निराळ्या माणसांनी सोडवली, आणि निराळ्या कारणाने ती सोडवणं शक्य झालं.

दमण बडोदेकराला काय सांगायचं? गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवार-रविवारी अर्धं बडोदं तिकडे असतं. मोटी दमणचा किल्ला, नानी दमणचा बाजार, देवका, जंपोर, सगळं पाहिलेलं. पोर्तुगिजांनी ते 1559 मध्ये घेतलं आणि डिसेंबर 1961 मध्ये गमावलं. दीवच्या सुटकेची तारीख तीच, म्हणून दीव दमणसोबत धरलं तरी बिघडत नाही. दादरा आणि नगर हवेली हेही एकमेकांना न लागलेले दोन तुकडे आहेत, पण त्यांची गोष्ट एकच.

आता वापी स्टेशनवर उतरा. पश्चिमेला थोडं गेलं की दमण, पूर्वेला थोडं गेलं की दादरा आणि पुढे नगर हवेलीचं मुख्य ठाणं सिल्वासा. दमणगंगा नगर हवेलीतून वाहत येते, मधला मुलूख ओलांडते आणि दमणला समुद्राला मिळते. हा मधला मुलूख भारताचा. 1954 मध्ये गुजरात-महाराष्ट्र वेगळे नव्हते, चहूबाजूंनी मुंबई राज्यच होतं. दमणला मात्र एका अंगाला समुद्र होता. लिस्बनहून निघालेलं जहाज कुणालाही न विचारता दमणला लागू शकत होतं. सिल्वाशाला साधी टपाल न्यायची तरी ती भारताच्या रस्त्यावरूनच न्यावी लागे.

गायकवाडी राज्याचा नकाशा ज्याने पाहिला आहे त्याला हे चटकन कळेल. सौराष्ट्रातल्या अमरेली शहरी जायचं तर बडोदा सरकारला दुसऱ्यांच्या मुलखातून जावं लागे. ओखामंडळ तितकंच सुटं, पण तिथे सयाजीरावांनी बंदर उभारलं. नगर हवेली ही अमरेलीसारखी अडकलेली, दमण ओख्यासारखं मोकळं.

1954 मध्ये जे झालं ते या वाटेमुळे झालं. 21-22 जुलैच्या रात्री 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स'च्या लोकांनी दादराची पोलीस चौकी घेतली. पोर्तुगालने आपली माणसं पाठवायला भारताकडे वाट मागितली. भारताने ती दिली नाही. मग आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट कार्यकर्ते आपापल्या बाजूंनी आत शिरले. पुण्या-मुंबईची कितीतरी मराठी पोरं त्यात होती, गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. 2 ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. कॅप्टन फिदाल्गो आपली तुकडी घेऊन खानवेलकडे हटला आणि 11 ऑगस्टला शरण आला. त्याच्या मदतीला कुणी येऊच शकत नव्हतं. दमणला हेच करून पाहिलं असतं तर समुद्रावरून कुमक उतरली असती. म्हणून तिथे 1961 मध्ये खरंखुरं सैन्य लागलं, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण आणि वर हवाई दल. लष्कराचं श्रेय लष्कराला दमणसाठी द्यावंच. पण नगर हवेलीचं श्रेय त्या स्वयंसेवकांचं आहे, आणि ते त्यांच्याकडून काढून घेणारा मजकूर पुढे पाठवणं मला अजिबात पटत नाही.

आता हेगचा खटला. इथे सगळ्यात मोठा घोळ आहे. पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. कुणी म्हणतो त्यात भारत जिंकला, कुणी म्हणतो हरला, आणि दोघेही समजतात की नगर हवेली कुणाची याचा तो निवाडा होता. तसं नव्हतं. 'नगर हवेली परत द्या' असा हुकूम पोर्तुगालने मागितलेलाच नव्हता. वाद होता वाटेचा: दमणहून दादरा-नगर हवेलीला भारताच्या जमिनीवरून जायचा पोर्तुगालला हक्क होता का, आणि तो भारताने मोडला का. दमणसाठी असा खटला उभाच राहिला नसता.

12 एप्रिल 1960 च्या निकालाचे तीन भाग आहेत आणि तिन्ही एकत्र वाचावे लागतात. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जायचा हक्क होता, 11 विरुद्ध 4. सैन्य, हत्यारी पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना हक्क नव्हता, 8 विरुद्ध 7. आणि 1954 मध्ये वाट अडवताना भारताने आपलं बंधन मोडलं नाही, 9 विरुद्ध 6, कारण दादरा पडल्यावर मधल्या मुलखात तणाव होता आणि वाटेवर नियंत्रण ठेवायचा अधिकार भारताचा होता. मधला आकडा नीट पाहा. एका मताने ठरलेली गोष्ट आहे ती. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाडांनी मांडली, आणि भारताने नेमलेले न्यायाधीश होते महंमद करीम छागला.

याच निकालात आपल्या मराठी माणसांनी वाचायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. 'पेशव्यांनी नगर हवेली पोर्तुगिजांना देऊन टाकली' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. 17 डिसेंबर 1779 च्या तहात मराठ्यांनी पोर्तुगिजांना 12,000 रुपये उत्पन्नाचे गाव लावून देण्याचं कबूल केलं. न्यायालयाने तो तह आणि पुढच्या सनदा तपासून सांगितलं की मराठ्यांनी दिली ती जहागीर, सरंजाम. म्हणजे महसूल दिला, मुलखाचं स्वामित्व दिलं नाही. ज्यांच्या घरात इनामाचे कागद पाहिलेत त्यांना हा फरक वेगळा शिकवायला नको. मग पोर्तुगाल तिथला धनी कधी झाला? मराठे गेल्यावर इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगालला तिथला सत्ताधीश म्हणून वागवलं, असं न्यायालयाचं म्हणणं. शिवाय सैन्य न्यायचं तर मराठ्यांच्या काळीही आधी परवानगी लागे, तो दाखलाही भारताच्याच उपयोगी पडला. दमणच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. ते पोर्तुगिजांनी मराठ्यांकडून घेतलेलं नव्हतंच.

तारखांचा गोंधळ होतो त्याला थोडं कारण आहे. 1954 पासून नगर हवेलीचा कारभार तिथली वरिष्ठ पंचायत चालवत होती. भारतात विलीनीकरण झालं 11 ऑगस्ट 1961 ला, दहाव्या घटनादुरुस्तीने. त्याच वर्षी चार महिन्यांनी दमण-दीव सुटलं आणि गोव्यासोबत बाराव्या दुरुस्तीने भारतात आलं. साल एकच दिसलं की लोक घटनाही एकच करून टाकतात. पुढे 31 डिसेंबर 1974 च्या करारात पोर्तुगालने या सगळ्यांवरचं भारताचं सार्वभौमत्व एकदमच मान्य केलं. आणि 26 जानेवारी 2020 पासून 'दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव' असा एकच केंद्रशासित प्रदेश झाला, राजधानी दमण. तेव्हापासून घोळ आणखी वाढला. लोकसभेच्या जागा मात्र अजून दोन आहेत: एक दमण-दीवची, दुसरी दादरा-नगर हवेलीची, आणि ही दुसरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.